थॉमस बेटमन थडगेचोर नव्हता

इंग्लंडमधल्या एका ‘थडगेचोरा’बद्दलचा मजकूर सध्या इतिहासप्रेमी मंडळींच्या फोनवर जोरात फिरतो आहे. मजकूर थोडक्यात असा: व्हिक्टोरिया राणीच्या काळात डर्बीशायरमध्ये थॉमस बेटमन नावाचा एक गर्भश्रीमंत माणूस होता. आजोबांच्या पैशावर मजा मारणाऱ्या या माणसाने सोन्याच्या लोभापायी हजारो वर्षांपूर्वीची शेकडो थडगी फोडली. नोंदी काहीच ठेवल्या नाहीत, हाडं फेकून दिली. मेलेल्यांचा तळतळाट लागला, ऐन तारुण्यात गेला, घराणं बुडालं, मुलाने सगळा संग्रह विकून खाल्ला आणि आज त्यातलं काहीही शिल्लक नाही. शेवटी एक ओळ जोडलेली असते: ‘आपल्या विदर्भातही गोऱ्यांनी हेच केलं.’

यात थोडं खरं आहे. आजोबांचा पैसा होता, थडग्यांवरची टेकाडं शेकड्यांनी उकरली गेली, बेटमन लवकर गेला. पण या खऱ्या गोष्टींभोवती जे रचलं आहे ते चुकीचं आहे, आणि त्यामुळे बेटमनचे खरे दोषसुद्धा झाकले जातात. दोष त्याच्यात होते, मोठे होते. ते चोरीचे नव्हते, घाईचे होते. चोर म्हटलं की चौकशी संपते. घाई म्हटलं की कुठे घाई केली, काय हरवलं, काय वाचलं हे बघावं लागतं. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी जागा समजून घेऊ. डर्बीशायरचा पीक डिस्ट्रिक्ट म्हणजे चुनखडीचं उघडं, वाऱ्याचं पठार. त्याच्या माथ्यामाथ्यांवर दगडमातीची गोल टेकाडं आहेत. काऊ लो, मिनिंग लो, गॅली लो अशी ‘लो’ने संपणारी त्यांची नावं. काहींच्या पोटात नवाश्मयुगातल्या दगडी खोल्या आहेत, बऱ्याच टेकाडांत कांस्ययुगातली दफनं आहेत, आणि कित्येक ठिकाणी इसवी सनाच्या सातव्या शतकात अँग्लो-सॅक्सन लोकांनी त्याच जुन्या टेकाडांत पुन्हा आपली माणसं पुरली. म्हणजे एका टेकाडात दोन-तीन हजार वर्षांचं अंतर असलेली माणसं शेजारी शेजारी सापडू शकतात. हे लक्षात ठेवलं की पुढचं सगळं नीट कळतं.

‘सोन्याच्या लोभापायी थडगी फोडली.’

सोनं सापडलं, हे खरं. १८४३ मध्ये गॅली लो इथे सोनं आणि गार्नेट खड्यांची पदकं असलेली माळ मिळाली. १८४६ मध्ये बक्स्टनजवळच्या काऊ लो इथे साखळीने जोडलेल्या दोन सोन्याच्या टाचण्या मिळाल्या. दोन्ही वस्तू अँग्लो-सॅक्सन स्त्रियांच्या. पण आयुष्यभराच्या कामात अशा वस्तू हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. बाकीचं काय होतं? जळकी हाडं, फुटकी मडकी, गारगोटीची पाती, काळ्या जेट दगडाचे मणी, हाडाच्या सुया. आणि उंदीरवर्गातल्या प्राण्यांची बारीक हाडं. डर्बीशायरच्या टेकाडांत ही हाडं ढिगांनी असतात. बेटमनच्या वर्णनांत त्यांचा उल्लेख पुन्हा पुन्हा येतो. सोन्याच्या मागे लागलेला माणूस उंदरांची हाडं कशाला लिहून ठेवेल?

याहून बोलकं उदाहरण बीली मूरवरच्या हॉब हर्स्ट्स हाउसचं. हॉब हर्स्ट म्हणजे तिथल्या लोककथांतलं रानात राहणारं भूत, त्याचं हे घर अशी समजूत. टेकाड चौकोनी आहे, आणि त्या भागात चौकोनी टेकाड दुर्मीळ. बेटमनने ते १८५३ मध्ये उघडलं. आत दगडी पेटीत मिळाली जळकी हाडं आणि शिशाच्या खनिजाचे दोन तुकडे. एवढंच. बाजारात त्या दोन खड्यांना कवडीची किंमत नव्हती, पण त्याने ते नोंदवले. डर्बीशायर हा पुढे शिसं काढणाऱ्यांचा मुलुख झाला. तिथे इतिहासपूर्व काळात कुणीतरी आपल्या मृताशेजारी शिशाचे दोन खडे ठेवले होते, हे आज आपल्याला त्या नोंदीमुळे माहीत आहे.

आणि मग बेंटी ग्रेंज. मॉनियाश गावाजवळ, ॲशबोर्नहून बक्स्टनला जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला एक टेकाड, जेमतेम दोन फूट उंचीचं. ३ मे १८४८ रोजी बेटमनने ते खोदलं. प्रेत पूर्ण विरघळून गेलेलं होतं. चांदीची किनार असलेला चामड्याचा पेला होता, चामडं कुजून गेलेलं, किनार आणि वर जडवलेले चांदीचे क्रूस आणि चाकाच्या आकाराचे दागिने मात्र जागेवर. मीनाकारीच्या चकत्या होत्या. आणि गंजलेल्या लोखंडी पट्ट्यांचा एक सांगाडा होता, शिरस्त्राणाचा. पट्ट्यांवर शिंगाचे पातळ पत्रे बसवलेले होते. शिंग उरलं नव्हतं, लोखंडाच्या गंजात त्याचा ठसा उरला होता, आणि बेटमनला तो ठसा दिसला. नाकावर येणाऱ्या पट्टीवर चांदीचा क्रूस, आणि माथ्यावर कांस्याचं एक रानडुक्कर, त्याचे डोळे गार्नेटचे, सोन्याच्या कोंदणात बसवलेले. एकाच माणसाच्या डोक्यावर नव्या धर्माचा क्रूस आणि जुन्या धर्माचं डुक्कर! सातव्या शतकातल्या इंग्लंडचं धर्मांतर कसं झालं असेल, याचा याहून नेमका पुरावा मला तरी माहीत नाही. माथ्यावर डुक्कर असलेलं असं दुसरं शिरस्त्राण सापडायला १९९७ साल उजाडावं लागलं, तेही नॉर्थँप्टनशायरमध्ये.

खजिन्यासाठी खोदणारा माणूस गंजलेल्या पट्ट्यांचा चुरा घरी नेत नाही. तो पेल्याची चांदी उचलतो आणि बाकीचं मातीत लोटतो. बेटमनने चुरा नेला, त्याचं वर्णन केलं. त्याचा चित्रकार मित्र ल्युएलिन ज्युइट याने त्या वस्तूंची जलरंगात चित्रं काढली. शंभर वर्षांनी, १९४८ च्या सुमारास, ब्रिटिश म्युझियममध्ये त्या शिरस्त्राणाची साफसफाई आणि जतन झालं, आणि १९८६ मध्ये त्याची प्रतिकृती घडवता आली. चुरा राखला होता म्हणूनच.

‘कसल्याही नोंदी ठेवल्या नाहीत, हाडं फेकून दिली.’

हा दावा सगळ्यात सोपा खोडून काढण्यासारखा, आणि तरीही सगळ्यात जास्त पसरलेला. बेटमनने दोन ग्रंथ लिहिले. ‘व्हेस्टिजेस ऑफ द अँटिक्विटीज ऑफ डर्बीशायर’ १८४८ मध्ये आलं. त्यात स्वतःच्या खोदकामांबरोबर वडिलांची आणि त्यांच्याही आधीच्या लोकांची खोदकामं त्याने एकत्र केली. दुसरा ‘टेन यर्स डिगिंग्ज’, १८४८ ते १८५८ या दहा वर्षांच्या कामाचा, १८६१ मध्ये. दोन्हीच्या मधे, १८५५ मध्ये, आपल्या घरातल्या संग्रहालयाची तपशीलवार सूचीही छापली. दुसऱ्या ग्रंथात टेकाडामागून टेकाड येतं: कुठल्या तारखेला उघडलं, कुठल्या गावाच्या शिवारात, मधली पेटी केवढी, सांगाडा कुठल्या कुशीवर, मडकं डोक्याशी की पायाशी. वाचायला रुक्ष आहे. पण हा रुक्षपणाच उपयोगाचा. संशोधकाला आजही त्यातून एखादं दफन जसंच्या तसं डोळ्यांपुढे आणता येतं.

शिवाय खोदून झाल्यावर माती परत टाकताना तो आत शिशाची छोटी पट्टी ठेवत असे, त्यावर आपलं नाव आणि साल. त्याच्याआधी विल्टशायरमध्ये रिचर्ड कोल्ट होअरनेही अशीच सोय केली होती. पुढे कुणी ते टेकाड उघडलं तर त्याला कळावं की इथे आधी हात लागलेला आहे, कुणाचा आणि केव्हा. विसाव्या शतकात पुन्हा खोदकामं झाली तेव्हा या पट्ट्या हाती आल्या. चोराने आपलं नाव आणि तारीख गुन्ह्याच्या जागी ठेवल्याचं कुणी ऐकलं आहे का?

हाडांचं तर उलटंच आहे. होअर आणि त्याचा सहकारी विल्यम कनिंग्टन हे त्याच्या आधीच्या पिढीतले मोठे खोदणारे, पण सांगाडे ते बहुतेक जागेवरच सोडून देत. बेटमनने कवट्या आणि सांगाडे जपले. व्हिक्टोरियन काळातल्या कवट्यांच्या मोठ्या अभ्यासग्रंथाला, डेव्हिस आणि थर्नम यांच्या ‘क्रेनिया ब्रिटानिका’ला, त्याच्या संग्रहातल्या कवट्या मिळाल्या. त्या काळात कवट्या मोजून माणसांचे वंश ठरवण्याचा जो खटाटोप चालला, तो आज टिकत नाही आणि टिकूही नये. पण हाडं टिकली. एकविसाव्या शतकात ‘बीकर पीपल प्रोजेक्ट’ने ब्रिटनमधल्या चार-साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या माणसांच्या दातांतली आणि हाडांतली मूलद्रव्यं तपासली. ती माणसं कुठे वाढली, काय खात होती, लहानपणानंतर किती दूर गेली, हे शोधण्यासाठी. त्यात पीक डिस्ट्रिक्टमधल्या, बेटमनने जपलेल्या सांगाड्यांचे नमुनेही होते. हाडं फेकून दिली असती तर हे घडलंच नसतं.

आता खरा दोष. बेटमन फार घाईत खोदत असे. १८४५ या एका वर्षात त्याने ३८ टेकाडं उघडली. मित्रांनी त्याला ‘बॅरो नाइट’, म्हणजे टेकाडांचा सरदार, असं नाव दिलं. कौतुकाने दिलं असेल, पण आज त्या नावाने पोटात गोळा येतो. बहुतेक वेळा पद्धत एकच: मजूर लावायचे, टेकाडाच्या मध्यातून चर मारायचा, मधली पेटी गाठायची, संध्याकाळपर्यंत बुजवायचं. मातीचे थर कसे बसले आहेत, कुठला खड्डा कुठल्या थरातून खाली गेला आहे, हे बघायची शिस्त त्याच्यापाशी नव्हती. एकाच टेकाडात दोन-तीन हजार वर्षांची दफनं असतात हे मी वर सांगितलं ते याचसाठी. थर कापले गेले की कुठलं आधीचं, कुठलं नंतरचं, हे सांगणारा पुरावा कायमचा जातो. तो कुठल्याही प्रयोगशाळेत परत मिळत नाही.

गिब हिलवर जानेवारी १८४८ मध्ये जे झालं ते वाचलं की त्याचे गुण आणि अवगुण एकदमच समोर येतात. आर्बर लोच्या दगडी वर्तुळाशेजारचं हे मोठं टेकाड. बेटमनने त्याच्या बाजूने आत बोगदा खणला, छताला लाकडी टेकू दिले. मध्यापर्यंत गेला, दफन काही मिळालं नाही. काम आवरताना टेकू काढायला घेतले आणि वरून एक दगडी पेटीच बोगद्यात कोसळली! दफन टेकाडाच्या माथ्याजवळ होतं, तो खालून गेला होता. ती पेटी त्याने आपल्या घराच्या बागेत नेऊन पुन्हा उभी केली. १९३६ मध्ये ती जागेवर परत आणण्यात आली. चूक झाली ती अशी. पण चूक आपल्याला ठाऊक कशी? त्याने स्वतः लिहून ठेवली म्हणून.

बेंटी ग्रेंजमध्येही तसंच. प्रेताचा एकमेव अवशेष म्हणून त्याने केसांचा पुंजका नोंदवला. आज संशोधक ते माणसाचे केस मानत नाहीत, केसाळ कातड्याच्या झग्याचा किंवा तशाच कशाचा अवशेष मानतात. दीडशे वर्षांनी चूक दुरुस्त करता येणं ही गोष्ट नोंद नसेल तर शक्यच नाही.

‘आजोबांच्या पैशावर मजा मारणारा, लाडावलेला वारस.’

पैसा आजोबांचा होता, यात वाद नाही. थोरले थॉमस बेटमन (१७६०–१८४७) मँचेस्टरच्या कापूसधंद्यात श्रीमंत झाले आणि डर्बीशायरमधल्या यूलग्रेव्हजवळच्या मिडलटन गावी जमीनजुमला घेऊन बसले. १८२३ मध्ये ते डर्बीशायरचे हाय शेरीफ, म्हणजे राजाने नेमलेले मानाचे अधिकारी, होते. पण ‘लाडावलेला’ हा शब्द कुठून आला ते कळत नाही. बेटमन कुटुंब चर्च ऑफ इंग्लंडचं नव्हतं, काँग्रिगेशनल पंथाचं होतं. घरात शिस्त कडक, आणि आजोबा त्या शिस्तीचे धनी.

आणि मूळ छंद या मुलाचा नव्हता. वडील विल्यम बेटमन (१७८७–१८३५) स्वतः टेकाडं खोदत. गिब हिल त्यांनी १८२४ मध्येच उघडून पाहिलं होतं. म्हणजे मुलगा चोवीस वर्षांनी जो बोगदा खणतो तो वडिलांच्याच टेकाडात. थॉमसचा जन्म ८ नोव्हेंबर १८२१ चा. आई मेरी तो तान्हा असतानाच, १८२२ मध्ये वारली. वडील गेले तेव्हा तो अवघा तेरा वर्षांचा. पुढे सगळा ताबा आजोबांकडे. पोरक्या मुलाच्या हातात वडिलांचे कागद आले, वडिलांनी खोदलेल्या जागा समोरच्या टेकड्यांवर होत्या. पहिल्या ग्रंथात वडिलांच्या खोदकामांना त्याने मानाची जागा दिली. त्यामागे नुसता अभ्यास होता असं मला वाटत नाही.

स्वतःची गोडी लागली ती बेकवेलच्या मध्ययुगीन चर्चचे भाग पाडून नव्याने बांधायला घेतले तेव्हा. जुन्या भिंतींतून सॅक्सन काळातले कोरीव दगड निघत होते. त्यातले बरेच त्याने गोळा केले. १८४३ मध्ये ब्रिटिश आर्किऑलॉजिकल असोसिएशन स्थापन झाली, तिचा तो सदस्य झाला. पुढच्या वर्षी कँटरबरीला संस्थेचं पहिलं अधिवेशन भरलं, तेव्हा केंटमधली टेकाडं उघडली गेली आणि तो तिथे होता. १८४४ मध्ये त्याने लॉम्बरडेल हॉल बांधला आणि घरालाच संग्रहालय केलं.

मजकुरात ‘भानगडी’ असा एक शब्दही पेरलेला असतो. तेही सांगून टाकू, कारण लपवण्यासारखं काही नाही. क्रॉमफर्ड कालव्यावरच्या एका नावाड्याची बायको, मेरी ॲन मेसन, हिच्याशी थॉमसचे काही वर्षं संबंध होते. आजोबा १८४७ मध्ये वारले. त्यांच्या मृत्युपत्रात अट होती: हे संबंध तोड, नाहीतर वारसा विसर. थॉमसने ते तोडले, आणि २ ऑगस्ट १८४७ रोजी विल्यम पार्कर या मित्राची बहीण सारा हिच्याशी लग्न केलं. चार मुली आणि एक मुलगा झाला. हे वाचून मला मेरी ॲनचंच वाईट वाटतं. एका मृत्युपत्राच्या कलमाने तिचं आयुष्य बाजूला सारलं गेलं, आणि ती बोलणार तरी कुठे. थॉमसचा यात कमकुवतपणा दिसतो. पण लाडावलेल्या नातवाला आजोबा अशी अट घालत नाहीत.

खोदकाम हे त्याचं एकट्याचंही नव्हतं, हेही त्या मजकुरात येत नाही. स्टॅफर्डशायरमधल्या वेटन गावचे शाळामास्तर सॅम्युअल कॅरिंग्टन आपल्या भागातली टेकाडं त्याच्यासाठी खोदत, आणि यॉर्कशायरमध्ये पिकरिंगचा जेम्स रडॉक. ‘टेन यर्स डिगिंग्ज’मध्ये त्या दोघांचं काम त्यांच्या नावाने, वेगळ्या भागांत छापलेलं आहे. दुसऱ्याचं काम आपल्या नावावर खपवायची संधी असूनही त्याने तसं केलं नाही.

‘मेलेल्यांचा तळतळाट लागला.’

यावर जास्त लिहायची गरज नाही, तारखा पुरेशा आहेत. आई वारली तेव्हा थॉमसला बोलताही येत नव्हतं. आजोबा, ज्यांच्या पैशावर हे सगळं झालं, ते सत्याऐंशीच्या घरात गेले. स्वतः बेटमन २८ ऑगस्ट १८६१ रोजी, एकोणचाळिसाव्या वर्षी अचानक गेला, हे खरं आणि वाईटही. पण त्या काळात चाळिशीच्या आत माणसं जाणं घरोघरी होतं. आणि ज्यांनी त्याच्यासारखीच शेकडो टेकाडं उघडली त्यांचं काय झालं? डरहॅमचे कॅनन, म्हणजे तिथल्या कॅथीड्रलचे धर्मगुरू, विल्यम ग्रीनवेल १८२० मध्ये जन्मले आणि १९१८ मध्ये सत्त्याण्णवाव्या वर्षी वारले. मासेमारीचा दांडगा शौक, त्यांच्या नावाची गळाला बांधायची माशी आजही वापरात आहे. ड्रिफील्डचे धान्यव्यापारी जॉन मॉर्टिमर यांनी यॉर्कशायरची टेकाडं चाळीस वर्षं खोदली, १९११ मध्ये शहाऐंशीव्या वर्षी गेले. तळतळाट माणूस बघून लागतो का?

बेटमनचं थडगं मिडलटनमध्ये काँग्रिगेशनल चॅपलच्या मागे, शेतात आहे. वर दगडात कोरलेला कलश आहे, कांस्ययुगातल्या अस्थिकलशाच्या आकाराचा. ज्याला मेलेल्यांची भीती वाटते किंवा ज्याने त्यांना लुटलं आहे, असा माणूस त्यांचंच चिन्ह आपल्या थडग्यावर घेत नाही.

‘त्याने हात लावला नसता तर टेकाडं आज जशीच्या तशी असती.’

मजकुराच्या काही प्रतींमध्ये हे वाक्य असतं. भावना चांगली आहे, वस्तुस्थिती वेगळी. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या मोकळ्या कुरणांना भिंती घातल्या गेल्या. पीक डिस्ट्रिक्टमध्ये या भिंती चुन्याशिवाय रचलेल्या दगडांच्या, मैलोन्‌मैल. दगड जवळ मिळेल तिथून घेतला जाई, आणि रचलेल्या दगडांचं टेकाड म्हणजे आयती खाण. शिसं काढणाऱ्यांनी डोंगरकडा उकरल्या, चुन्याच्या भट्ट्यांनी दगड गिळला, नांगराने उरलेली टेकाडं सपाट केली. बेटमन कितीतरी ठिकाणी पोहोचला तेव्हा आधीच कुणीतरी निम्मं टेकाड नेलेलं होतं. या लोकांपैकी कुणीही सांगाडा कुठल्या कुशीवर होता ते लिहिलं नाही.

कायद्याचं संरक्षण पहिल्यांदा आलं १८८२ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर एकवीस वर्षांनी. त्या कायद्याच्या पहिल्याच यादीत डर्बीशायरची आर्बर लो, मिनिंग लो आणि हॉब हर्स्ट्स हाउस ही नावं आहेत. तिन्ही ठिकाणी बेटमनने खोदलं होतं आणि तिन्हींचं वर्णन छापलं होतं. त्याच्या छापील वर्णनांमुळेच ती यादीत आली असं मी म्हणणार नाही, मोठी स्मारकं तशीही नजरेत भरणारी. पण यादी करणाऱ्यांच्या हाताशी ते ग्रंथ होते.

आणि नीट खोदकाम म्हणजे काय, हे शास्त्रशुद्ध उत्खननाचा पाया घालणाऱ्या पिट-रिव्हर्सने दक्षिण इंग्लंडमधल्या क्रॅनबोर्न चेसमध्ये दाखवून दिलं ते १८८० नंतर. बेटमनला त्या मापाने मोजायचं तर वीस वर्षं आधी मेलेल्या माणसाकडून पुढची पद्धत मागायची. पिट-रिव्हर्सच्या मापाने तो नापास आहे, हे मान्य. पण त्याच्या काळातल्या बहुतेक हौशी खोदणाऱ्यांच्या शेजारी ठेवला तर तो लिहिणारा होता, छापणारा होता, आणि हा फरक लहान नाही.

‘मुलाने संग्रह विकून खाल्ला, काही उरलं नाही.’

थॉमस आणि साराचं लग्न १८४७ मधलं. म्हणजे बाप गेला तेव्हा मुलगा थॉमस विल्यम फार तर तेरा वर्षांचा. लॉम्बरडेलचा संग्रह त्याच्या वाट्याला आला. तो बापासारखा टेकाडांत रमणारा निघाला नाही, हे खरं. संग्रह १८७६ मध्ये शेफील्डच्या नव्या संग्रहालयाला, वेस्टन पार्कला, उसना देण्यात आला, म्हणजे लोकांना पाहायला खुला झाला. १८९३ मध्ये विक्री झाली तेव्हा त्यातला मोठा भाग शेफील्डनेच विकत घेतला. बेंटी ग्रेंजचं शिरस्त्राण त्यात होतं, हाडं होती, मडकी होती. काही वस्तू लिलावात गेल्या आणि विखुरल्या. ते नुकसानच, विशेषतः हस्तलिखितं आणि पुस्तकांच्या बाबतीत, कारण वस्तूजवळचे कागद दूर गेले की वस्तू अर्धी मुकी होते. बेकवेलच्या चर्चमधून नेलेले सॅक्सन दगडही बेकवेलला परत आले. शेफील्डला गेलात तर वेस्टन पार्कमध्ये जाऊन या. ‘काही उरलं नाही’ असं ज्यांनी लिहिलं त्यांनी ती इमारत पाहिलेली नाही.

‘आपल्या विदर्भातही गोऱ्यांनी हेच केलं.’

हा मुद्दा मला सगळ्यात जवळचा. नागपूरभोवती शिळावर्तुळं आहेत: जुनापाणी, माहूरझरी, टाकळघाट, खापा, नायकुंड. लोहयुगातल्या माणसांनी आपले मृत पुरून वर दगडगोट्यांचा ढीग केला आणि भोवती मोठ्या दगडांचं वर्तुळ मांडलं. मध्य प्रांतात कापूस आयुक्त राहिलेला जे. एच. रिव्हेट-कार्नॅक याने जुनापाणीची काही वर्तुळं उघडली आणि १८७९ मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्याचा वृत्तांत छापला.

‘हेच केलं’ यातलं साम्य एवढंच की दोघांनी घाईने खोदलं आणि दोघांनी लिहून ठेवलं. फरक मोठा आहे आणि तो सांगायलाच हवा. बेटमन आपल्याच गावच्या शिवारात, शेजारच्या जमीनदाराची परवानगी घेऊन खोदत होता. तिथला मृत त्याच्याच मुलखातला होता. रिव्हेट-कार्नॅक राज्यकर्त्यांचा अधिकारी होता, आणि जुनापाणीच्या माणसांना कुणी विचारलं नव्हतं. हा अन्याय वेगळा आहे, त्याच्यावर वेगळं बोललं पाहिजे. डर्बीशायरच्या माणसाला चोर ठरवून विदर्भाला न्याय मिळत नाही.

आणि रिव्हेट-कार्नॅकच्या वृत्तांताचा उपयोग झाला, हेही तितकंच खरं. वर्तुळांतल्या दगडांवर कोरलेल्या वाटीसारख्या छोट्या खळग्यांच्या रांगा त्याने टिपल्या आणि स्कॉटलंड-इंग्लंडमधल्या दगडांवरच्या तशाच खळग्यांशी त्यांची तुलना केली. दोन्हीकडच्या लोकांचं नातं त्याला त्यात दिसलं. ते आज कुणी मानत नाही, पण खळग्यांची नोंद पक्की आहे. १९६१-६२ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने जुनापाणीत पुन्हा खोदकाम केलं, या वेळी थर बघून. त्यानंतर नागपूर विद्यापीठातर्फे डॉ. शां. भा. देव यांनी टाकळघाट, खापा आणि माहूरझरी इथे काम केलं. माहूरझरीत माणसांबरोबर पुरलेले घोडे निघाले, त्यांच्या तोंडावरचे तांब्याचे अलंकार निघाले. आपल्या मातीत आपल्या लोकांनी केलेलं, नीट छापलेलं काम आहे ते. मजकूर लिहिणाऱ्याला विदर्भाची खरंच काळजी असेल, तर त्याने शेवटच्या ओळीत देवांचं आणि माहूरझरीचं नाव घालावं, आणि ज्या वर्तुळांचे दगड आज रस्त्याच्या भरावासाठी आणि प्लॉटच्या सपाटीकरणासाठी उचलले जातात त्यांची तक्रार पुरातत्त्व खात्याकडे लेखी करावी, गट क्रमांक आणि फोटोंसकट.